अण्णांचा एक प्रश्न, गोवारीकरांना

संपादक महोदय, स.न.वि.वि.

संक्रांतीला तुमच्या पेपरात पानिपतावरचा लेख वाचला (आम्ही ग्वाल्हेरकर तुमचा पेपर मोबाइलवरच वाचतो, इथे कागदावर कुठला मिळणार) आणि त्याच दिवशी घरी आशुतोष गोवारीकरांचा 'पानिपत' पुन्हा लावला. म्हटलं डिसेंबर २०१९ मध्ये थेटरात पाहिला तेव्हा वाईट वाटलं होतं, आता तरी आवडेल. नाही आवडला. उलट जास्तच लागलं मनाला, म्हणून लिहितेय.

आधी सांगते, गोवारीकर म्हणजे आमच्या घरातला माणूस. 'लगान' पावणेचार तासांचा होता तरी आम्ही तीनदा पाहिला, एकदाही कोणी घड्याळ बघितलं नाही. आणि 'स्वदेस'मधलं ते स्टेशन, तो लहान मुलगा खिडकीपाशी कुल्हडमधून पाणी विकतोय, पंचवीस पैशाला, आणि पिक्चरचा नायक मोहन ते पाणी पितो, बस, एवढंच. डायलॉग नाही, काही नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तो सीन आला की आजही चष्मा काढून पुसतात.

असा माणूस पानिपतावर पिक्चर काढतोय म्हटल्यावर आम्ही किती आशा लावून बसलो असू! पुण्याला पानिपत म्हणजे पेशव्यांचं दुःख. इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या आजूबाजूला वाढलेल्यांना ते शिंद्यांचं दुःख आहे. दत्ताजी वर्षभर आधीच बुराडी घाटावर गेले, जानेवारी १७६० मध्ये. जनकोजी पानिपतानंतर पकडले गेले आणि मारले गेले. महादजी पायावर जबर घाव लागून पडले होते, त्यांना राणेखान नावाच्या भिश्त्याने, म्हणजे पखालीतून पाणी वाहणाऱ्या माणसाने, आपल्या बैलावर घालून वाचवलं. महादजी जन्मभर लंगडत चालले पण त्या भिश्त्याला त्यांनी भाऊ मानलं, सरदार केलं, आणि १० वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठे परत दिल्लीत शिरले त्यात महादजी पुढे होते. ही गोष्ट अण्णांनी मला लहानपणी दर संक्रांतीला सांगितलीय, तिळगूळ हातावर ठेवता ठेवता.

तर अण्णा थेटरात ठेवणीतला कोट घालून आले होते. पिक्चर संपला, आम्ही बाहेर चहाच्या गाडीवर उभे, आजूबाजूला पोरं संजय दत्तबद्दल बोलतायत, आणि अण्णा ग्लास हातात तसाच धरून मला म्हणाले, "राणेखान आला का गं कुठे? मला दिसला नाही." मी म्हटलं मलाही नाही दिसला. मग त्यांनी चहा घेतलाच नाही, ग्लास गाडीवर ठेवला आणि चालायला लागले.

मी काही सगळंच वाईट म्हणत नाहीये. शनिवारवाड्याचा सेट छान, अजय-अतुलचं संगीत जोरदार, पार्वतीबाईंच्या तोंडून गोष्ट सांगायची कल्पना पण चांगली. पण जवळजवळ तीन तासांत भव्यता, दागिने, गाणी, तलवारी यांनाच जागा, आणि माणसं कुठेतरी मागे राहिली असं वाटत राहिलं. पिक्चरचं दुसरं नाव 'द ग्रेट बिट्रेयल', म्हणजे दगा. दगा झाला असेल हो, पण फौज मेली ती भुकेने आधी. दोन-अडीच महिने वेढल्यासारखे बसून होते, बरोबर यात्रेला निघालेले लोक, बायका, म्हातारी माणसं, आणि डिसेंबरमध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर तर रसद तुटलीच. पाणी विकणाऱ्या पोरावर कॅमेरा थांबवणारा माणूस इथे उपाशी छावणीत का नाही थांबला? एखाद्या राहुटीत शेवटचं मूठभर पीठ कोण कोणाला देतंय, एवढं दाखवलं असतं तरी आम्ही रडलो असतो.

आणि एक गोष्ट तर मला फारच लागते. 'स्वदेस'चं शूटिंग मेणवलीला झालं, नाना फडणवीसांच्या वाड्याजवळच्या त्या घाटावर. ते नाना स्वतः पानिपतावर होते, १८ वर्षांचे. पळता पळता आईची ताटातूट झाली, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ज्या घाटावर गोवारीकरांनी इतके दिवस काम केलं त्याच घाटाच्या मालकाची ही गोष्ट, आणि पानिपतावर पिक्चर काढताना ती मध्यभागी आणावी असं त्यांना का वाटलं नसेल, मला खरंच कळत नाही.

दुसऱ्या कोणी काढला असता तर मी पत्र लिहिलं नसतं, चॅनल बदललं असतं. आपल्या माणसावरच राग येतो.

एक विनंती आहे. तुम्ही कधी त्यांची मुलाखत घेतलीत तर अण्णांचा तेवढा प्रश्न विचारा, राणेखान कुठे होता? अण्णा आता ८४ वर्षांचे आहेत, उत्तर छापून आलं तर मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवीन.

आपली,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर