बाबा, ती सेलेनियमची बाटली बंद करा

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर धीर झाला नाही म्हणून लिहिते. मी इथं आणखी दोन वर्षं थांबायला होकार दिलाय. आधी विचारायला हवं होतं, कळतंय. पण विचारलं असतं तर आई, तू "आमचं काय, तू तुझं बघ" म्हणाली असतीस, आणि नेमकं तेच मला ऐकवलं नसतं.

पारा आणि सेलेनियम या मूलद्रव्यांवरचं काम अर्धवट टाकवत नाही. पारा शरीरात गेला की गंधकापेक्षाही घट्ट सेलेनियमला धरतो. आपल्या पेशींतली काही एन्झाइम्स (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) सेलेनियमवरच चालतात, ती मग ठप्प होतात. म्हणजे पाऱ्याचं विष बरंचसं असं, की तो आपलं सेलेनियम पळवतो. उलट बाजूनं, दोघं मिळून पारा-सेलेनाइडचा न विरघळणारा काळा कण झाला की पारा गप्प बसतो. बसतो, पण अंगातच मुक्काम ठोकतो. हे कुठं, कधी, कोणत्या रूपात होतं ते शोधायचंय.

आई, तू त्या प्राध्यापिकेचं वाचलंस ना? कॅरेन वेटरहान. १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या जहाल विषारी संयुगाचे एक-दोन थेंब हातमोज्यावर पडले आणि १९९७ च्या जूनमध्ये त्या गेल्या. मोजा फाटला नव्हता. ते द्रव लॅटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातं, हे तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत ते संयुग आणतच नाहीत. थर्मामीटर फुटला तेव्हा आम्हा दोघांना बखोटीला धरून बाहेर काढलंस आणि खिडक्या उघडल्यास, तेच बरोबर होतं. पाऱ्याचा गोळा गिळला तर फारसा शोषला जात नाही, वाफ मात्र फुफ्फुसातून सुमारे ऐंशी टक्के आत जाते.

माझ्याकडे जपायचं ते हायड्रोजन सेलेनाइड या विषारी वायूला. सेलेनाइडच्या (सेलेनियमच्या एका क्षाराच्या) द्रावणात आम्ल पडलं की तो सुटतो. म्हणून आम्ल शेवटी, थेंबाथेंबानं, फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात. निघणारा वायू ब्लीच आणि कॉस्टिक सोड्याच्या मिश्रणाच्या दोन बाटल्यांतून जातो. कॉस्टिक अशासाठी, की नुसत्या ब्लीचला आम्ल लागलं तर क्लोरीन निघेल. मध्ये एक रिकामी बाटली ठेवतेच, कारण फ्लास्क गार होताना ब्लीच मागं ओढतो. काचसामान हूडमध्येच ब्लीचमध्ये बुडवून ठेवते, नाहीतर तो सडका वास केसांत बसून घरापर्यंत येतो. रात्री एकटीनं असलं काम करायला बंदीच आहे. खोलीत ऊन येतं, पांघरूण जाड आहे, वेळेवर जेवते. खरंच.

आता बाबा, तुम्ही. लेक सेलेनियमवर काम करते म्हणून तुम्ही सेलेनियम सुरू केलंत, हे ऐकून आधी गळा दाटला आणि मग डोकं फिरलं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज ५५ मायक्रोग्रॅम. अमेरिकेत वरची मर्यादा ४००, आणि युरोपनं ती २०२३ मध्ये २५५ वर आणली. तुमची एक गोळी २०० ची, आणि "एकानं गुण तर दोनांनी दुप्पट" म्हणून तुम्ही दोन घेताय. जेवणातलं आणि त्या मल्टिव्हिटॅमिनमधलं वेगळंच. एन्झाइम्सचं पोट भरलं की जास्तीचं त्यांच्या उपयोगाचं नाही. गोळीतलं सेलेनियम सेलेनोमेथिओनिनच्या रूपात असेल, तर त्याला शरीर साधं मेथिओनिन (प्रथिनांतला एक घटक) समजून स्नायूंत साठवत राहतं. ३५,००० हून जास्त पुरुषांच्या चाचणीत रोज २०० देऊन प्रोस्टेटचा कर्करोग कमी झाला नाही, २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. त्याआधीच्या एका चाचणीत २०० घेणाऱ्यांत मधुमेह जास्त निघाला. आणि तुमची साखर काठावर!

तुमचा हेतू कळला हो मला. तरी आजपासून बंद. एकदम बंद केलं तर चालतं, हळूहळू कमी करायची गरज नाही. आई, यांची नखं चिरतायत का, त्यांवर पांढरे पट्टे आलेत का, कंगव्यात केस जास्त येतात का, न खाता तोंडाला लसणीसारखा वास येतो का, बघ. यातलं काही असेल तर या आठवड्यातच डॉक्टरांकडे, बाटली बरोबर घेऊन. ते सांगतील ती रक्ताची तपासणी करा. केसांची मात्र कुणी सुचवली तरी नको. बाबांच्या कोंड्याच्या शाम्पूत सेलेनियम सल्फाइड आहे, ते केसाला चिकटतं, आकडा खोटाच येणार.

आणि बाटलीच्या मागच्या लेबलाचा फोटो मला पाठवा, पुढच्याचा नको. आई, तूच काढ. बाबांच्या फोटोत निम्मं त्यांचं बोटच असतं.

तुमची,
चिमी