प्लास्टिक कापण्याच्या कटरसोबत दिलेल्या चुकीच्या फीडबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ६ मिमी एंड मिलच्या (फिरत्या कटरच्या) डबीतील तक्त्यामुळे झालेले नुकसान

महोदय,

तुमच्याकडून घेतलेल्या ६ मिमी, एका फ्लूटच्या (एकच दात म्हणजे धार असलेल्या) कार्बाइड एंड मिलबद्दल लिहीत आहे. कटर चांगला आहे, हे आधीच सांगतो. तक्रार आहे ती डबीतल्या तक्त्याबद्दल, आणि त्याहून जास्त तुमच्या मदत विभागाच्या सल्ल्याबद्दल.

तक्त्यात 'प्लास्टिक' अशी एकच ओळ आहे : १८,००० आरपीएम (मिनिटाला फेरे), फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) ६०० मिमी प्रति मिनिट. अ‍ॅक्रिलिक, नायलॉन, पॉलिकार्बोनेट, सगळे एकाच माळेचे मणी! १० मिमी कास्ट अ‍ॅक्रिलिकवर मी तेच आकडे लावले. थोड्याच वेळात कटरच्या मागे खाचेत पांढरा चिकट लगदा साचू लागला. चिप्स (कापलेला कीस) उडायच्या सोडून तंतू कटरला गुंडाळले गेले. कड धुरकट, आणि बोट फिरवले तर वितळून पुन्हा चिकटलेल्या प्लास्टिकचे खडबडीत उंचवटे लागत होते. अकरा जॉब (कापायचे भाग) रिजेक्ट झाले.

फोन केला तर उत्तर मिळाले, "फीड अजून कमी करा." ४०० वर आणले. दुसऱ्याच जॉबला खाच चोंदली आणि कटर तुटला.

मग हिशोब मांडला. ६०० भागिले १८,०००, म्हणजे एका फेऱ्यात जेमतेम ०.०३३ मिमी. इतक्या पातळ चिपला धार कापत नाही, घासते. धातूत ती उष्णता निदान जॉबमध्ये पसरते; अ‍ॅक्रिलिकमध्ये ती जागीच साठते, आणि साधारण १०५ अंश सेल्सियसला ते मऊ पडू लागते. चिप जाड असेल तर बरीच उष्णता तीच घेऊन बाहेर पडते. फिनिश हवे तर हळू चालवा, ही धातूवरची सवय माझ्याही हाताला होती. पण प्लास्टिकचा कटर म्हणून विकणाऱ्यांनी तरी तोच सल्ला द्यावा?

त्याच बनावटीच्या दुसऱ्या कटरवर आरपीएम तेच ठेवून फीड २,४०० केले, म्हणजे ०.१३३ मिमी. सुट्ट्या, कोरड्या चिप्स पडल्या. हवेचा झोत लावला, कडेला ०.३ मिमी माल राखून शेवटचा पास क्लाइंबने (धार जाड चिप घेऊन शिरेल आणि पातळ होत बाहेर पडेल अशा दिशेने) घेतला. कड एकसारखी मॅट आली. थोड्या पॉलिशवर पारदर्शक झाली.

एवढे कळवूनही तुम्ही 'चुकीचा वापर' म्हणून बदली नाकारलीत. वापर तुमच्याच तक्त्याप्रमाणे आणि सल्ल्याप्रमाणे होता. तुटलेला कटर बदलून द्यावा, वाया गेलेल्या शीटची भरपाई करावी, आणि तक्त्यात प्रत्येक प्लास्टिकसाठी दर दाताच्या चिपची जाडी वेगळी छापावी. ज्यांना हा तक्ता आधीच गेला आहे, त्यांनाही कळवा.

दोन्ही फीडवर कापलेले तुकडे खुणा करून सोबत पाठवत आहे. उजेडात धरून पाहा.

आपला,
एक वर्कशॉपचालक

सोबत : तुटलेला कटर, दोन नमुने, बिलाची प्रत, तक्त्याचा फोटो