पेटीतल्या मागच्या बाजू

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

मामाची ‘एडीज आर्काइव्ह’ची पेटी तुझ्याकडे धड पोचली, बरं झालं. सहाही सीडी कॉम्प्युटरवर आणि फोनवर कशा घ्यायच्या, एवढंच तू विचारलंस. नुसत्या उतरवायच्या तर एक संध्याकाळ पुरेल. पण तशा उतरवल्यास तर तुझ्याकडे पाऊणशेएक सुटी गाणी जमतील आणि पेटी नाहीशी होईल. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पेटीत काय आहे ते बघ. २००२ साली आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडने ही धातूची पेटी काढली, आत दोन-दोन सीडींचे तीन संच. ‘बीबीसी आर्काइव्ह्ज’मध्ये रेडिओसाठी झालेली रेकॉर्डिंग्ज आहेत. ‘बीस्ट ओव्हर हॅमरस्मिथ’ म्हणजे लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधला २० मार्च १९८२ चा कार्यक्रम. ‘बेस्ट ऑफ द बी’साइड्स’मध्ये सिंगल्सच्या, म्हणजे एकेका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूंची गाणी. शिवाय गुंडाळी केलेली बँडची वंशावळ, तिला घातलेली अंगठी आणि एक छोटा ग्लास. ग्लास धुऊन ठेव, त्यातून काही पिऊ नकोस. काय पिऊ नकोस ते तुला कळलं असेल.

सीडी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी उजेडात तिरपी धरून बघ. ठसे असतील तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाकून मऊ मायक्रोफायबरने पूस, आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पूस. गोल गोल पुसायचं नाही. सीडीवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल रेषेत असते. आडवा ओरखडा ती रेषा दर फेऱ्याला एकाच ठिकाणी ओलांडतो, आणि रेषेवरची सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग तूट सीडीची दुरुस्तीची यंत्रणा पूर्ण भरून काढते. गोल ओरखडा मात्र रेषेला धरून लांबच लांब जातो, तिथे यंत्रणा हात टेकते. टूथपेस्ट घासायचे सल्ले तुला मिळतील, ते ऐकू नकोस. आणखी एक, सगळे खालच्या चकचकीत बाजूला जपतात, पण नाजूक असते ती छापील बाजू. ॲल्युमिनियमचा थर तिच्या लगेच खाली, लॅकरच्या पातळ पापुद्र्याआड असतो. खालच्या बाजूला एक मिलिमीटरहून जास्त प्लास्टिक आहे. म्हणून छापील बाजूवर पेनने क्रमांक घालू नकोस, लेबल चिकटवू नकोस.

उतरवायला तुझ्या लॅपटॉपवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे सॉफ्टवेअर घे. नेहमीचे म्युझिक प्लेयर सीडी भराभर वाचतात आणि जिथे वाचता आलं नाही तिथे अंदाजाने जोड देतात. तो जोड गिटारच्या गोंगाटात लगेच ऐकू येत नाही, पुढे हेडफोनवर ‘टिक्’ ऐकू आलं की कळतं. यात ‘सिक्युअर’ मोड निवड, म्हणजे संशयास्पद भाग पुन्हा पुन्हा वाचून ताडून बघितला जातो. ड्राइव्ह ऑडिओ कॅश करतो का, म्हणजे वाचलेलं स्वतःकडे साठवून ठेवतो का, ते सॉफ्टवेअरला आधी ओळखू दे. करत असेल आणि सेटिंगमध्ये तशी खूण केलेली नसेल, तर दुसरं वाचन सीडीवरून होतच नाही, ड्राइव्ह स्वतःच्या मेमरीतलं पहिलंच उत्तर परत देतो आणि चूक बरोबर ठरते. ‘अ‍ॅक्युरेटरिप’ चालू कर, तुझ्या ड्राइव्हचा ऑफसेट (वाचन किती पुढे-मागे सुरू होतं तो फरक) तो बसवून देईल आणि त्याच सीडीच्या इतरांच्या नकलांशी तुझी नक्कल जुळते का ते सांगेल. मग ‘टेस्ट अँड कॉपी’. प्रत्येक ट्रॅकसमोर दोन सीआरसी, म्हणजे पडताळणीचे आकडे, येतील, ते एकच हवेत. वेगळे आले तर पुसून पुन्हा. लॉग फाइल, म्हणजे या सगळ्या वाचनाची नोंद, जपून ठेव.

फॉर्मॅट फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काही न गाळता फाइल लहान करणारा. पातळी ५ ठेव नाहीतर ८, आवाजात फरक शून्य, फक्त फाइल किंचित लहान-मोठी होते. कच्चा आवाज मिनिटाला साधारण १० एमबी जातो. सहा सीडी फ्लॅकमध्ये तीन जीबीच्या आत बसतील. बासरीचं किंवा तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग फ्लॅकमध्ये बरंच आक्रसतं, मेटल तितकं नाही, कारण सगळ्या पट्ट्यांत सतत काहीतरी चालू असतं. फोनवर एमपीथ्री टाकायचा मोह होईल. बी-साइड्सना चालेल, हॅमरस्मिथला नको. एमपीथ्री ठरावीक मापाच्या चौकटींत बनतो, त्यामुळे ट्रॅकच्या आगेमागे रिकामी जागा भरली जाते. काही प्लेयर ती गाळतात, काही नाही, आणि मग दोन गाण्यांमधल्या टाळ्या मध्येच कापल्यासारख्या होतात. ट्रॅकमधली गॅप आधीच्या ट्रॅकला जोडायची सेटिंग तशीच राहू दे. ‘शांतता काढून टाका’ असला कुठलाही पर्याय लावायचा नाही.

आता टॅगिंग, म्हणजे फाइलमध्ये गाण्याचं नाव-वर्ष लिहिणं, आणि खरं काम इथे आहे. डेटाबेसमधून आपोआप भरलेली नावं घेतलीस तर सगळ्यावर २००२ येईल. या पेटीतलं एकही रेकॉर्डिंग २००२ चं नाही. बी-साइड म्हणजे कुठल्या तरी सिंगलची पाठ, पुढची बाजू कुठली ते लिहिलं नाही तर ते गाणं निराधार होतं. म्हणून ‘एमपीथ्रीटॅग’ या सॉफ्टवेअरमध्ये दोन जादा रकाने कर, ‘मूळ वर्ष’ आणि ‘पुढची बाजू’.

‘बर्निंग अ‍ॅम्बिशन’: १९८०, ‘रनिंग फ्री’. हे बँडचा संस्थापक, बेसवाला स्टीव्ह हॅरिस याने लिहिलेलं पहिलं गाणं. ‘क्रॉस-आइड मेरी’: १९८३, ‘द ट्रूपर’, मूळ जेथ्रो टलचं. ‘रेनबोज गोल्ड’: १९८४, ‘टू मिनिट्स टू मिडनाइट’, मूळ बेकेट या बँडचं. ‘किंग ऑफ ट्वायलाइट’: १९८४, ‘एसेस हाय’, मूळ नेक्टरचं. दुसऱ्याचं गाणं असेल तिथे मूळ बँड संगीतकाराच्या रकान्यात कोंबू नकोस, तिथे गीतकार-संगीतकाराचंच नाव, बँड शेऱ्यात. याचा उपयोग लगेच दिसतो. पाठच्या बाजूंची मूळ गाणी ओळीने लाव, मोंट्रोज, स्ट्रे, फ्री, बजी, गोल्डन इअरिंग या बँडची. ही पोरं काय ऐकत मोठी झाली त्याची यादीच ती. अल्बममध्ये ते उसनं कधी दिसू देत नाहीत.

१९८६ ची चार गाणी नीट बघ. ‘वेस्टेड इयर्स’च्या मागे ‘रीच आउट’ आणि ‘शेरीफ ऑफ हडर्सफील्ड’, ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’च्या मागे ‘दॅट गर्ल’ आणि ‘वानिता’ (स्पेलिंगवरून ‘जुआनिटा’ लिहू नकोस). ‘रीच आउट’ला मुख्य आवाज नेहमीचा गायक ब्रूस डिकिन्सनचा नाही, गिटारवाल्या एड्रियन स्मिथचा आहे. तसं लिही, नाहीतर ऐकणारा ब्रूसचा घसा बसला असं समजेल. ‘शेरीफ’ ही मॅनेजर रॉड स्मॉलवूडची टिंगल. एकदा ऐकायला बरी, दुसऱ्यांदा नाही. काढून मात्र टाकू नकोस.

गोंधळ होतो तो एकाच नावाच्या दोन रेकॉर्डिंग्जचा. ‘आय’व्ह गॉट द फायर’ १९८० मध्ये ‘सँक्चुअरी’च्या मागे लाइव्ह आलं होतं, तेव्हा गायक पॉल डिआनो. बी-साइड्सच्या संचातलं १९८३ चं स्टुडिओतलं आहे, ‘फ्लाइट ऑफ आयकरस’च्या मागचं, आवाज ब्रूसचा. ‘इन्व्हेजन’चंही तसंच. या संचातलं १९८० च्या ‘विमेन इन युनिफॉर्म’च्या मागचं आहे. त्याआधीचं वेगळं, आणि त्याची हकीकत दुर्मीळ रेकॉर्डिंग म्हणजे काय ते सांगते. १९७८ च्या ३० आणि ३१ डिसेंबरला केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओत बँडने चार गाणी रेकॉर्ड केली. मास्टर टेप विकत घ्यायला आणखी ५० पौंड हवे होते, ते जवळ नव्हते. दोन आठवड्यांनी पैसे जमवून गेले तोवर स्टुडिओने टेप पुसून दुसऱ्याच्या कामाला वापरली होती. हातात राहिलं ते त्या रात्रीचं मिक्स, सगळे आवाज एकत्र केलेलं. त्यातली तीन गाणी १९७९ मध्ये ‘द साउंडहाउस टेप्स’ नावाने सात इंची रेकॉर्डवर निघाली, ५,००० प्रती. नावात टेप, वस्तू रेकॉर्ड. चौथं, ‘स्ट्रेंज वर्ल्ड’, त्यांना दर्जाने पटलं नाही म्हणून वगळलं. ते थेट १९९६ मध्ये ‘बेस्ट ऑफ द बीस्ट’च्या चार रेकॉर्डच्या आवृत्तीत आलं. आज ते रीमिक्स करणं कुणालाच शक्य नाही, कारण ड्रम वेगळे, आवाज वेगळा अशी मूळ पट्टीच उरलेली नाही. मूळ साउंडहाउस रेकॉर्ड म्हणून कुणी काही विकायला आलं तर पाकीट बंद ठेव. तिच्या नकला भरपूर आहेत आणि फोटोवरून पारख होत नाही.

बीबीसीच्या दोन सीडींवर चार वेगळे प्रसंग आहेत. फोल्डर सीडीप्रमाणे न करता प्रसंगाप्रमाणे चार कर: १४ नोव्हेंबर १९७९ चं बीबीसी रेडिओच्या फ्रायडे रॉक शोचं सेशन, आणि महोत्सवांतले तीन कार्यक्रम, रेडिंग १९८०, रेडिंग १९८२, डोनिंग्टन १९८८. प्रत्येकात वादक लिही. १९७९ ला डिआनो, गिटारवर डेव्ह मरी आणि टोनी पार्सन्स, ड्रमवर डग सॅम्पसन. १९८० ला पार्सन्सच्या जागी डेनिस स्ट्रॅटन, सॅम्पसनच्या जागी क्लाइव्ह बर. १९८२ ला ब्रूस आणि एड्रियन स्मिथ आलेले. १९८८ ला ड्रमवर निको मॅकब्रेन. चारही ठिकाणी कायम असे दोघेच, हॅरिस आणि मरी. वंशावळीच्या गुंडाळीवर एक बोट ठेवून हे ऐकलंस की ड्रमचा फरक आपोआप कानात बसतो. बर ढकलत नेतो, निको घोळवतो. मला बर जास्त आवडतो, पण त्यावर भांडण नको.

हॅमरस्मिथच्या दोन सीडी एकच अल्बम कर आणि क्रमांक १ ते १८ सलग दे, एकाच रात्रीचा कार्यक्रम आहे. ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ अल्बम दुकानात आला २२ मार्च १९८२ ला, म्हणजे या कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी. ‘हॅलोड बी दाय नेम’ रेकॉर्डवर ऐकायला मिळण्याआधीच त्या थिएटरमधल्या लोकांनी ते समोर ऐकलं, हे ध्यानात ठेवून टाळ्या ऐक. नववा ट्रॅक ‘टोटल एक्लिप्स’. तुला वाटेल हे तर बी-साइड, ‘रन टू द हिल्स’च्या मागचं, मग बी-साइड्सच्या संचात का नाही? नाहीच ते. स्टुडिओतलं ‘टोटल एक्लिप्स’ या पेटीत कुठेही नाही, ते अल्बमच्या १९९८ च्या रीमास्टर सीडीवर आहे. अल्बममध्ये ‘गँगलँड’ऐवजी हेच घ्यायला हवं होतं, असं बँडमधल्यांनीच नंतर म्हटलं आहे. माझंही मत तेच.

याची एक गंमत सांगते. १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत बीकेसीच्या मैदानावर मेडनचा जो कार्यक्रम झाला, त्या दौऱ्याच्या यादीत ‘एसेस हाय’, ‘टू मिनिट्स’, ‘द ट्रूपर’, ‘वेस्टेड इयर्स’ आणि ‘रन टू द हिल्स’ होती. सगळ्या पुढच्या बाजू. पहिल्या चारांच्या पाठी तुझ्या बी-साइड्सच्या संचात आहेत आणि पाचवीची पाठ हॅमरस्मिथमध्ये.

आवाजाची पातळी. वीस वर्षांतली रेकॉर्डिंग्ज एका सीडीवर आली की काही दबकी वाटतात, काही अंगावर येतात. फाइलला नॉर्मलाइज करू नकोस, म्हणजे तिचा आवाज कायमचा वाढवू-घटवू नकोस, इक्वलायझर लावून साठवू नकोस. रिप्लेगेन वापर, तो फक्त टॅगमध्ये आकडा लिहितो, आवाजाला हात लावत नाही. बी-साइड्सना ट्रॅकप्रमाणे, लाइव्हला अल्बमप्रमाणे. लाइव्हला ट्रॅकप्रमाणे लावलंस तर प्रत्येक गाण्याच्या सांध्यावर गर्दी एकदम मोठी-लहान होईल.

काम झालं की फाइल्स दोन ठिकाणी ठेव, आणि कुणाला लिंक पाठवायची नाही. या नकला सीडी घरात आहे म्हणून आपल्यापुरत्या आहेत.

आता पेटी. पावसाळ्यात तुमच्या खोलीत भिंतीला ओल येते, तेव्हा ती जमिनीवर किंवा लोखंडी कपाटाच्या तळाशी ठेवू नकोस. झाकण उघडताना घामाची बोटं लागली तर कोरड्या कापडाने लगेच पूस, मीठ राहिलं की उठावाच्या खोबणीत गंज आधी धरतो. तेलाचा फवारा मारायचा नाही, तो अस्तरात उतरतो आणि पुढे पुस्तिकांवर. आत नारिंगी सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या दोन पुड्या ठेव. दाणे हिरवट झाले की १२० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये, पूर्ण थंड झाल्यावर परत. पावसाच्या दिवशी पेटी उघडी टाकून मग बंद करू नकोस, दमट हवा आत कोंडली जाते. वंशावळ उलगडायची तर वर स्वच्छ कागद आणि त्यावर वह्यांचं वजन ठेवून एक दिवस पसरू दे, तुकड्यातुकड्यांत स्कॅन कर आणि पुन्हा सैलसर गुंडाळ. अंगठी ओढून घट्ट बसवलीस तर कागदाची कड दुमडते. लॅमिनेशनचा विचारही मनात आणू नकोस.

सुरुवात हॅमरस्मिथच्या दुसऱ्या सीडीपासून कर आणि तिचा लॉग मला पाठव. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटचे ट्रॅक बाहेरच्या बाजूला, आणि मामाच्या बोटांचे ठसे सगळे कडेलाच आहेत. ‘रनिंग फ्री’ किंवा ‘प्राउलर’वर वेग पडला, सीआरसी जुळेना, तर जोर करू नकोस. सीडी बाहेर काढ, कड पूस, सावलीत वाळू दे आणि दुसऱ्या ड्राइव्हवर बघ.

तुझी,
आई