कृषिमंत्र्यांना खुले पत्र: तुमच्या वहीत ढालकिड्यांचा रकाना का नाही?

माननीय कृषिमंत्री महोदय,

सविनय नमस्कार. हंगामाच्या तोंडावर आपल्या खात्याने बैठक घेऊन दोन गोष्टी कबूल केल्या होत्या. बांधावरच्या फुलझाडांवर फवारणी होणार नाही, आणि फवारणीआधी शेतकऱ्यांना कळवलं जाईल. मग एका पहाटे पथक आलं, बांध औषधाने धुऊन काढला आणि निघून गेलं. मला कळलं ते वासावरून.

उजाडल्यावर पाहिलं तर घेवड्याच्या पानांखाली ढालकिड्यांच्या (लेडीबर्डच्या) अळ्या मरून पडल्या होत्या. करड्या-काळ्या, अंगावर नारिंगी ठिपके, मगरीच्या पिल्लासारख्या लांबुडक्या. ठिपक्यांचा लाल भुंगेरा पोरंही ओळखतात, त्याची अळी मात्र तुमचे अधिकारीही ओळखत नाहीत. मेलेल्या अळ्या कागदात बांधून कार्यालयात नेल्या, तर साहेब म्हणाले, "कीड मेली ना? मग तक्रार कसली?"

मंत्रिमहोदय, ती कीड नव्हती. ती कीड खाणारी होती. सात ठिपक्यांचा एक ढालकिडा जन्मभरात पाच हजारांच्या आसपास मावा, म्हणजे पिकाचा रस शोषणारे बारीक किडे, खातो असं सांगतात.

ढालकिडे कमी-जास्त होतातच, हे मलाही कळतं. मावा वाढला की त्याच्यामागून ते वाढतात, मावा संपला की उडून जातात, उपासमारीत एकमेकांची अंडीसुद्धा खातात. १९७६ च्या कडक उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये ते अफाट वाढले. मग झाडं वाळली, मावा संपला आणि भुकेले थवेच्या थवे समुद्रकिनाऱ्यांवर जाऊन पडले. ती निसर्गाची चढउतार. तुमच्या फवारणीची गोष्ट वेगळी आहे. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते आणि ती पिल्लं आठवडा-दीड आठवड्यात स्वतः विऊ लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून भुंगेरा व्हायला तीन-चार आठवडे लागतात. मग औषधानंतर रानात आधी कोण परतणार? मावाच. तो परतला की तुम्ही पुन्हा फवारणार, तेव्हा उरलेसुरले ढालकिडेही जाणार.

हा धडा जुना आहे. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या व्हेडालिया ढालकिड्याने कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा खवले किडीपासून वाचवल्या. पुढे १९४० च्या दशकात डीडीटी हे कीटकनाशक आलं, ढालकिडे मेले आणि तीच कीड पुन्हा उसळली.

बाहेरून कुठलाही ढालकिडा आणून सोडा, असंही मी म्हणत नाही. आशियातला हार्लेक्विन ढालकिडा माव्यावर उपाय म्हणून युरोपात सोडला. २००४ मध्ये तो ब्रिटनमध्ये पोचला आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत तिथला दोन ठिपक्यांचा ढालकिडा ४४ टक्क्यांनी घटला. हे कळलं, कारण तिथे साधी माणसंही वर्षानुवर्षं नोंदी ठेवतात. तुमच्या खात्याच्या वहीत काय असतं? किती लिटर औषध मारलं. जास्त लिटर म्हणजे चांगलं काम! रानात ढालकिडे किती होते, किती उरले, याला रकानाच नाही. जे मोजलंच नाही ते संपलं तरी तुम्हाला कसं कळणार?

आज माझ्या घेवड्याची पानं माव्याच्या चिकट्याने माखली आहेत, त्यावर काळी बुरशी धरली आहे, शेंडे आकसले आहेत. पीक हातचं चाललंय. अर्ज घेऊन गेलो की एक म्हणतो विषय फवारणी विभागाचा, दुसरा म्हणतो पीकसंरक्षणाचा, तिसऱ्याची बदली झालेली असते. चूक करणारा कधीच जागेवर नसतो आणि नुकसान सोसणारा कुठे जाऊ शकत नाही. तुमचा सगळा कारभारच असा चालतो. औषध खपवणाऱ्यांना तुमच्या दारात खुर्ची मिळते, आम्हाला पोचपावतीसुद्धा मागून घ्यावी लागते.

बांध फवारणीतून सोडा. फवारणीआधी पानं उलटून बघा, ढालकिडे पुरेसे असतील तर पंप उचलूच नका. दर हंगामात त्यांची मोजणी करून आकडे गावात लावा. आणि त्या पहाटेची फवारणी कोणाच्या सहीने झाली, त्याचं नाव मला लेखी कळवा. तोंडी आश्वासन आता नको.

आपला,
एक शेतकरी