वजनकाट्याशेजारी मोजपट्टीही ठेवा

महोदय,

आरोग्य शिबिरांत उंची आणि वजन मोजून 'वजन ठीक आहे' असा शेरा दिला जातो आणि समोरचा माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत २६ वर्षे काम केल्यावर या शेऱ्याविषयी लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

उपाशीपोटी घेतलेले रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) फिरवले की नळीत वर राहणारा सीरम पिवळसर आणि पारदर्शक दिसायला हवा. कधी कधी मात्र तो पातळ ताकासारखा पांढुरका निघतो. रक्तातील ट्रायग्लिसराइड, म्हणजे एक प्रकारची चरबी, फार वाढल्याची ती खूण असते. अशी नळी लठ्ठ माणसाचीच असणार, असे मी नोकरीच्या सुरुवातीला गृहीत धरत असे. पण अहवाल न्यायला येणाऱ्यांत हातापायांनी किडकिडीत आणि फक्त पोट सुटलेली माणसे इतक्यांदा दिसली की तो समज मला सोडून द्यावा लागला.

याचे उत्तर मेदऊतीच्या, म्हणजे चरबी साठवणाऱ्या पेशीसमूहाच्या, कामात आहे. त्वचेखालची चरबी हे जास्तीची ऊर्जा सुखरूप ठेवण्याचे कोठार आहे आणि ती निरनिराळी संप्रेरकेही स्रवते. त्यांपैकी भुकेवर परिणाम करणाऱ्या लेप्टिनचा शोध १९९४ मध्ये लागला. या कोठाराची क्षमता प्रत्येकाची वेगळी असते. ती संपत आली की नव्या मेदपेशी पुरेशा तयार होत नाहीत, आहेत त्याच फुगत जातात, त्यांच्याभोवती रोगप्रतिकारक पेशी जमून सौम्य पण कायमचा दाह सुरू होतो आणि अशी ऊती इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाही. मग साठवून ठेवायची मेदाम्ले (चरबीचे घटक) अवेळी रक्तात सुटतात आणि यकृतात, स्नायूंत जाऊन बसतात. आतड्यांभोवतीही चरबी साचत जाते. तेथून रक्तशर्करा, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब बिघडू लागतात. लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजाराच्या सर्वांगी प्रकारात शरीरात मेदऊती जवळपास नसतेच, तरीही त्या रुग्णांना अनेकदा तीव्र मधुमेह होतो. म्हणजे चरबी किती आहे याइतकेच ती कोठे आहे हेही महत्त्वाचे.

आपल्याकडे तर हे अधिकच लागू पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्रित फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांतील नवजात बाळांच्या अभ्यासातही हेच दिसले: बाळे वजनाने लहान, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिअॅब या देशव्यापी मधुमेह पाहणीत बीएमआयनुसार लठ्ठ ठरलेले २८.६ टक्के होते, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत आढळला. नुसत्या काट्यावर विसंबणाऱ्या शिबिरातून किती जण निसटत असतील, याचा अंदाज यावरून करता येईल.

आशासेविका ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी जो तपासणी अर्ज भरतात, त्यात कमरेच्या घेराची नोंद आहे. गावात जे होऊ शकते ते शहरातील मंडळांच्या, कंपन्यांच्या आणि सोसायट्यांच्या शिबिरांत का होऊ नये? पँटचा नंबर विचारून भागणार नाही, कारण पुरुष ती बहुधा पोटाच्या खाली बांधतात. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यानंतर, कपड्यांवरून नव्हे तर अंगालगत टेप लावून मोजावे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेला, तर वजन कितीही 'ठीक' असले तरी उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब तपासण्याचा सल्ला त्याच कागदावर लिहून द्यावा, अशी शिबिरे भरवणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा