‘साभार पोच’मध्ये किंमतही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘आता कुणीही प्रकाशक होऊ शकतो’ अशा अर्थाचा लेख वाचला. लेख चांगला आहे, फक्त तो पुस्तक छापून होईपर्यंतच चालतो. पुढचं मी लिहिते, आणि शेवटी आपल्या ‘साभार पोच’ या, आलेल्या पुस्तकांची नावं छापणाऱ्या सदराबद्दल एक मागणी करते.

मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, ३१ वर्षं हिशेब लिहिले. निवृत्त झाल्यावर त्या शेडमधल्या माणसांवर, त्यांच्या कामावर आणि बोलण्यावर १७६ पानांचं पुस्तक लिहिलं आणि जानेवारी २०२४ मध्ये स्वतःच छापून घेतलं. पुस्तकाचं नाव इथे देत नाही, नाहीतर पत्राची जाहिरात होईल. हिशेब मात्र देते, कारण तो कुणीच देत नाही.

आधी मी पॅकेजवाल्यांना, म्हणजे लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्यांना, फोन केला होता. एकाने ७५ हजार सांगितले. त्यात मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), कॉपीराइट, ‘देशभर वितरण’ आणि लेखकाला ८० टक्के रॉयल्टी. ८० टक्के ऐकून शेजारच्या वहिनींना पेढे द्यायचेच बाकी होते. मग करारनामा मागवला. टक्के पुस्तकाच्या किमतीवर नव्हते, ‘निव्वळ नफ्यावर’ होते, आणि त्यातून काय काय वजा करायचं ते त्यांनीच ठरवायचं होतं. अहो, ३१ वर्षं मी दुसऱ्याचा निव्वळ नफाच काढत होते! प्रती किती छापणार विचारलं, तर ‘ऑर्डर येईल तशा’. ऑर्डरप्रमाणे छापण्यात वाईट काही नाही, उलट घरात गठ्ठे सांभाळावे लागत नाहीत. पण मग ७५ हजार कशाचे? आणि किती खपल्या हे मला कोण सांगणार? तेच.

त्यांच्या यादीत आयएसबीएनचे ३ हजार वेगळे लावले होते. हा क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था फुकट देते. लेखकाला स्वतःच्या नावावरही मिळतो, अर्ज ऑनलाइन करता येतो. दुसऱ्याने काढला तर नोंदीत प्रकाशक म्हणून त्याचं नाव लागतं. कॉपीराइटचंही तेच. लिहिलं की हक्क आपोआप लेखकाचा, हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं. नोंदणी करायची तर करावी, सक्ती नाही. माझा क्रमांक यायला काही आठवडे लागले, पण आला. तेरा अंकांतला शेवटचा पडताळणीचा असतो. अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं आणि बेरजेला १० ने भाग गेला पाहिजे. रात्री साडेअकराला वहीत गुणून बघितलं. गेला भाग. पुस्तकाच्या सगळ्या व्यवहारात तेवढी एकच बेरीज पहिल्या फटक्यात जुळली.

आता खर्च. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणं, पानाला ३५ रुपये, म्हणजे ६,१६०. मुद्रितशोधन पानाला २० रुपये, ३,५२०. मुखपृष्ठ ४,०००. छपाई: डेमी आकार, सोळा पानांचा एक असे अकरा फॉर्म, सत्तर जीएसएम वजनाचा कागद, मॅट लॅमिनेशन, पाचशे प्रती, प्रतीला ८५ रुपये, म्हणजे ४२,५००. एकूण ५६,१८०. प्रतीमागे ११२ रुपये ३६ पैसे. मी किंमत ठेवली २२०. जवळपास दुप्पट झाली, बरं वाटलं. मग वितरक म्हणाले, आम्ही ५० टक्क्यांनी घेतो. म्हणजे माझ्या हातात ११०. प्रत्येक प्रत विकली की मला २ रुपये ३६ पैसे तोटा! या धंद्यातली माणसं खर्चाच्या चौपट-पाचपट किंमत का ठेवतात ते त्या दिवशी कळलं. आणि आपण दुकानात ‘मराठी पुस्तकं फार महाग हो’ म्हणतो. मीही म्हणायची.

पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून लोक खूश असतात. कागदाच्या बिलात तो असतोच, आणि पुस्तकावर कर नसल्यामुळे त्याची वजावट मिळत नाही. अनुदानाचंही सांगते. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. ती मला कळली पुस्तक बांधून घरी आल्यावर. हातात अजून हस्तलिखितच असेल त्यांनी आधी तिकडे चौकशी करावी.

डीटीपीवाला मुलगा हुशार होता, पण त्याने सगळं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये, पेजमेकर या प्रोग्रॅममध्ये लावलं. छापायला सुरेख. पुढे भाचीने ई-बुक करायला घेतलं तेव्हा कॉम्प्युटरला त्यातलं एकही अक्षर ओळखता येईना. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरांत, फिरवलं तर वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसल्या आणि ‘कोल्हापुऱ्या’मधला अर्धा र गायब. शेवटी भाचीने १७६ पानं पुन्हा टाइप केली, दोन महिने, कामावरून आल्यावर रोज थोडी. तिची मजुरी वरच्या हिशेबात धरलेली नाही. ज्यांचं पुस्तक अजून लागायचं आहे त्यांनी पहिल्या दिवशीच युनिकोडचा हट्ट धरावा आणि पीडीएफबरोबर मूळ फाइलही मागून घ्यावी. ऑपरेटर कुरकुरतो, कुरकुरू द्यावं.

पाचशे प्रती कुठे गेल्या? हातोहात विकल्या १७४, त्यातल्या बऱ्याच उद्यमनगरातच. ज्या मोल्डरचं (साचे करणाऱ्याचं) नाव पान ६३ वर आहे त्याने एकट्याने नऊ घेतल्या. ग्रंथालयांनी ३३. भेट म्हणून १२१. हा आकडा लिहिताना लाज वाटते, पण ‘काय काकू, आम्हाला नाही का पुस्तक?’ असं म्हणणाऱ्याकडून पैसे कसे मागायचे हे ३१ वर्षं वसुली करूनही मला जमलं नाही. परीक्षणासाठी आणि स्पर्धांसाठी २६. काही स्पर्धा प्रतीही मागतात आणि वर प्रवेश शुल्कही. दुकानांत विक्रीसाठी ठेवल्या ६०. त्यांपैकी ३१ चे पैसे आले, ११ परत आल्या, कोपरे दुमडलेल्या, आणि १८ चा पत्ता नाही. एका दुकानदाराने सरळ सांगितलं, “ताई, पुस्तक झकास हाय, पण ठिवू कुठं? दिवाळी अंक येणार हाईत.” त्याचा राग नाही आला. बाकीच्यांनी एवढंही सांगितलं नव्हतं.

उरल्या ९७. आमचं घर शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ. २०१९ च्या महापुरात पाणी खिडकीपर्यंत होतं. त्यामुळे पुस्तक आल्यापासून जुलैत मी पावसाचे नाही, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे आकडे बघते. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. आमच्याकडे ३७ झाले की गठ्ठे रिक्षात घालून राजारामपुरीत बहिणीकडे. रिक्षाभाडंही खर्चात धरलेलं नाही. फाउंड्रीत कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लो-होल, म्हणजे हवेचं भोक, निघाला तर ते रिजेक्ट होतं, पण परत भट्टीत जाऊन लोखंडाचं लोखंड राहतं. भिजलेल्या पुस्तकाला रद्दीवालासुद्धा भाव देत नाही.

कायद्याने प्रकाशकाची कामंही माझ्यावरच आली, ती केली. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवावी लागते. हे पॅकेजवाल्यांच्या यादीत कुठेच नव्हतं. टपालाचं म्हणाल तर छापील पुस्तकांची स्वस्त रजिस्टर सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. तेव्हा जुन्नरहून मागणी आली होती. पाठवायचा खर्च ऐकून त्या गृहस्थांनी ‘कोल्हापूरला येईन तेव्हा नेतो’ म्हणून कळवलं. अजून यायचे आहेत. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, वर कर. माझं पुस्तक पाकिटासकट सव्वादोनशे ग्रॅम भरतं, म्हणजे बसतं. पण काउंटरवर पहिला प्रश्न, “अभ्यासक्रमातलं आहे का?” या सेवेत सामाजिक, सांस्कृतिक पुस्तकंही चालतात, हे छापील कागद दाखवून सांगावं लागलं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव लागतं. तिथे माझंच नाव बघून त्या बाईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, “तुम्हीच का?”

ग्रंथालयांनी घेतलेल्या ३३ प्रतींवर मी सगळ्यात खूश आहे. मोठ्या शहरातल्या काहींनी ‘आम्ही पुरवठादाराकडूनच घेतो’ म्हणून परत पाठवलं. मागणी आली ती भुदरगड, राधानगरीकडच्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात छोट्या, वाचनालयांतून. एका ग्रंथपालांनी दहा टक्के सूट धरून १९८ रुपये फोनवरून पाठवले आणि तासाभराने विचारलं, बिल पक्कं मिळेल ना? मिळालं. मी बिलबुक छापून घेतलंय, अनुक्रमांकासकट.

म्हणून माझी मागणी छोटी आहे आणि ती आपल्याकडेच आहे. रविवारी ‘साभार पोच’ या सदरात आलेल्या पुस्तकांची नावं येतात. त्यात लेखक असतो, प्रकाशन संस्था असते. जिथे लेखकच प्रकाशक आहे तिथे ‘खासगी प्रकाशन’ एवढंच छापलं जातं, आणि वाचणाऱ्याला पुस्तक मिळवायचा रस्ता तिथेच संपतो. त्या ओळीत किंमत आणि, लेखकाची हरकत नसेल तर, मागणी नोंदवायचा फोन नंबर छापा. अर्धी ओळ वाढेल. परीक्षण नाही आलं तरी चालेल. परीक्षण वाचून आजवर माझ्याकडे दोघांनी पुस्तक मागितलं, आणि दोघांनीही विचारलं, कुठे मिळेल?

माझं नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर जोडला आहे, तो छापू नये. वर्तमानपत्राला नेहमी पाठवतात त्या दोन प्रती मात्र या वेळी सोबत नाहीत. हव्या असल्यास कळवावे, पाठवते, बिलासह.

आपली,
एक वाचक, आणि स्वतःच्याच पुस्तकाची प्रकाशक
शाहूपुरी, कोल्हापूर