वजन केल्याशिवाय सोडा उघडू नकोस

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

घरी साबण करायचा म्हणतेस, ऐकून फार बरं वाटलं. पण फोनवर सांगून हे भागायचं नाही. कॉस्टिक सोडा हातात घ्यायचा तर लिहिलेलं समोर हवं, म्हणून सविस्तर लिहिते. एकदा नाही, दोनदा वाच.

तू विचारलंस, शिजवायचा की न शिजवता करायचा? पहिला साबण शिजवूनच कर. न शिजवलेल्या साबणात तेल आणि सोडा साच्यात ओतल्यावर एकमेकांत मुरत राहतात, आणि वापरायला चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. आत काय चाललंय ते नवख्या माणसाला दिसत नाही. शिजवलेल्या साबणात सगळं पातेल्यात, तुझ्या डोळ्यांसमोर घडतं. वडी जरा ओबडधोबड होते, दिसायला दुकानातल्यासारखी नसते, पण सोडा संपला की नाही हे त्याच दिवशी कळतं. मला आई म्हणून तेच हवं आहे.

आता मुख्य गोष्ट. आपल्या घरात सगळा स्वयंपाक हाताच्या अंदाजाने होतो. आमटीत मीठ किती, हे मी तुला कधी चमच्यात सांगितलं नाही, आणि तूही तशीच शिकलीस. साबणात अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही. वाटी नाही, चमचा नाही, सगळं वजनावर, पाणीसुद्धा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा आधी घे, बाकीचं सामान नंतर.

कारण असं की प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो. खोबरेलात लॉरिक आम्ल जास्त, त्याचे रेणू आखूड. तेवढ्याच वजनात ते संख्येने जास्त मावतात आणि सोडाही जास्त खातात. शेंगदाण्याच्या तेलातले रेणू लांब, त्यांना कमी पुरतो. सोडा जास्त झाला तर कातडी पोळणार, कमी झाला तर साबण मऊ आणि तेलकट राहणार. म्हणून आयत्या वेळी शेंगदाण्याचं तेल संपलं म्हणून सूर्यफूल ओतलं, असं करू नकोस. तेल बदललं की सोड्याचं गणित पहिल्यापासून.

पहिल्या वेळेसाठी अर्धा किलो तेल पुरे. खोबरेल 200 ग्रॅम, शेंगदाणा तेल 250 ग्रॅम, एरंडेल 50 ग्रॅम. खोबरेलाला ग्रॅममागे 0.183 प्रमाणे 36.6 ग्रॅम सोडा, शेंगदाण्याला 0.136 प्रमाणे 34, एरंडेलाला 0.128 प्रमाणे 6.4. बेरीज 77. त्यातून शेकडा 5 कमी करायचे, म्हणजे थोडं तेल साबण न होता शिल्लक राहतं आणि अंग कोरडं पडत नाही. उरले 73 ग्रॅम. पाणी 190 ग्रॅम. शिजताना वाफ जाते म्हणून थोडं सढळ धरलंय. पाणी टँकरचं नको, फिल्टरचं घे. जड पाण्यातल्या चुन्याशी साबणाचा चोथा होतो. खोबरेल फेसाला, शेंगदाणा मऊपणाला, आणि एरंडेल तो फेस टिकून राहायला. कोकमाचं तेल मी पाठवलंय, ते पायाच्या भेगांना लाव. पहिल्या साबणात घालू नकोस, वडी कडक करायला ते पुढच्या खेपेला.

सोडा नवा, सीलबंद आणि लेबलवर सोडियम हायड्रॉक्साईड लिहिलेला असा घे. शुद्धता 97-98 टक्के हवी. उघडं राहिलेलं पाकीट हवेतला ओलावा ओढतं, मग वजन भरतं पण जोर कमी असतो. मोरी साफ करायची पूड चालणार नाही, त्यात काहीबाही मिसळलेलं असतं. धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा हे तर वेगळेच पदार्थ, त्यांनी साबण होत नाही.

आणि चिऊ. ती दुपारी झोपली असताना उरकून घेऊ, असं मनातही आणू नकोस. त्या दिवशी तिला सासूबाईंकडे पाठव. डब्यात काढलेला कॉस्टिक मीठ-साखरेपासून ओळखू येत नाही, आणि पोरांच्या पोटात गेला तर अन्ननलिका भाजते. तसं कधी झालंच तर उलटी करवायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. वापरून उरलेला सोडा दुसऱ्या डब्यात ओतून ठेवू नकोस. मूळ पाकिटातच घट्ट बंद करून वरच्या, कुलपाच्या कपाटात ठेव.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना कुर्ता, पायात बंद चपला आणि डोळ्यांना गॉगल. उन्हाचा नाही, बाजूनेही झाकणारा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो. भांडी स्टीलचीच. ॲल्युमिनियमला सोडा लागला की ते विरघळायला लागतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. तुझ्या घरातल्या हिंडालियमच्या कढईला आणि कुकरच्या डब्यांना हात लावू नकोस. काचेचा जगही नको, तापला की तडकतो.

पाणी गार घे. खिडकी उघडी ठेव, अमोलरावांना शेजारच्या खोलीत थांबायला सांग, आणि पाण्यात सोडा थोडा थोडा सोड. पाण्यात सोडा, सोड्यावर पाणी कधीही नाही. उलट केलंस तर उसळून अंगावर येईल. विस्तव नसतानाही ते पाणी ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतं. पहिली एक-दोन मिनिटं तिखट वाफ येते, तोंड बाजूला ठेव. आधी गढूळ, मग निवळशंख होतं. हातावर थेंब उडाला तर वाहत्या नळाखाली वीस मिनिटं धर. व्हिनेगर चोळायचं नाही, ते फक्त ओटा पुसायला. डोळ्यात गेलं तर तसंच भरपूर पाण्याने धुवून लगेच डॉक्टरकडे.

एवढं नीट पार पडलं की अर्धी काळजी गेली. पुढचं काम मला मनापासून आवडतं.

मोठ्या पातेल्यात पाणी, तळाला कुकरची जाळी, त्यावर तेलांचं तीन-चार लिटरचं पातेलं. मोठं सांगतेय ते मुद्दाम, साबण मध्येच फुगून वर येतो. तेल कोमट झालं की सोड्याचं पाणी हळूहळू ओत आणि स्टीलच्या दांड्याच्या हँड ब्लेंडरने थांबत थांबत फिरव. वरून पडलेल्या थेंबाची रेघ पृष्ठभागावर क्षणभर टिकू लागली की ब्लेंडर बंद. झाकण ठेव आणि गॅस बारीक कर.

आता तासभर, कधी दीड तास. कडा आधी शिजतात, मधला भाग पांढरा राहतो. कडेचं मध्ये घेत उलथण्याने हलवत राहा. फुगलं तर घाबरू नकोस, ढवळलं की बसतं. कुरडयांचा चीक शिजताना पांढुरकेपणा जाऊन चकाकी येते, तसाच हा आतपर्यंत अर्धपारदर्शक झाला पाहिजे. कुठे पांढरा ठिपका दिसला तर अजून शिजव. मग चिमूटभर बाहेर काढून पूर्ण गार होऊ दे, ओल्या बोटांवर चोळ आणि तो फेस जिभेच्या टोकाला निसटता लाव. झिणझिण्या आल्या तर सोडा शिल्लक आहे, अजून पंधरा मिनिटं शिजव. नुसती साबणाची चव लागली तर झाला.

सुगंध हवा तर गॅस बंद करून थोडं निवल्यावर वाळ्याचं तेल घाल, दहा-पंधरा ग्रॅम, त्याहून नको. आधी घातलंस तर वास वाफेबरोबर उडून जातो. हळद घालायची तुझी कल्पना या वेळी सोडून दे. साड्यांवरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, तेच पातेल्यात होईल. हळदीवर चुना चढवून कुंकू करतात तेही याच गुणामुळे. पिवळाधमक साबण निघायचा नाही. बेसन, दूध, गुलाबाच्या पाकळ्या यांचंही तेच सांगते: आधी साधा साबण जमू दे.

बटर पेपर लावलेल्या डब्यात गरम असतानाच दाबून भर आणि डबा ओट्यावर चार-पाचदा आपट, म्हणजे आत पोकळ्या राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी काढून काप. लगेच वापरता येतो, पण मी म्हणेन तीन आठवडे उभ्या वड्या, मध्ये अंतर सोडून, वाऱ्यावर ठेव. पाणी उडून गेलं की वडी टणक होते आणि न्हाणीघरात लवकर विरघळत नाही. पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुस गावात ऑलिव्ह तेलाचा साबण असाच शिजवून जमिनीवर ओततात, कापतात आणि वड्यांचे उंच पोकळ मनोरे रचून वाळवतात, वारा सगळीकडून फिरावा म्हणून. 2024 मध्ये युनेस्कोने त्या कलेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. आमच्या बचत गटात वड्या रचताना मी तशीच जाळी करते.

पावसाळ्यात मात्र करू नकोस. घरच्या साबणात तयार झालेलं ग्लिसरीन तसंच राहतं, म्हणून तो अंगाला मऊ लागतो, पण तेच हवेतलं पाणी ओढतं आणि वड्यांना घाम फुटतो. दसरा होऊ दे. तोवर काटा, मोजे, गॉगल जमव. करायच्या आदल्या रात्री तुझ्या अक्षरात केलेलं वजनाचं गणित आणि सोड्याच्या पाकिटाच्या लेबलचा फोटो मला पाठव. मी तपासून 'बरोबर' असं कळवलं की मगच पाकीट उघड. रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागी राहीन.

अमोलरावांना नमस्कार, चिऊला गोड पापा.

तुझी,
आई